येऊन राहिलो

मला मत्सर वाटतो, आणि तो लपवण्याचं वय आता गेलं. संपादकांनी या अंकासाठी छपाईच्या धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. त्या देते, पण माझ्या धंद्यात गमती दुसऱ्यांच्या असतात आणि पोटदुखी माझी, हे आधीच सांगितलेलं बरं. उभं आयुष्य मी नागपुरात प्रुफं वाचली. लोकांनी पुस्तकं लिहिली, लोकांची नावं छापून आली, लोकांनी शाली पांघरून घेतल्या, आणि मी त्यांच्या वेलांट्या नीट करून दिल्या.

बाहेरच्या माणसाला हे काम कळत नाही. नंदनवन वस्तीत आमच्या शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी शाळेचे पेपर तपासते. पुस्तक छापायच्या आधी त्याची कागदावर एक नक्कल काढतात. ती अक्षर न् अक्षर वाचायची, चूक दिसली की तिथे खूण करायची आणि बाजूच्या कोऱ्या समासात दुरुस्ती लिहायची. चुकून बरोबरच शब्द खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देऊन समासात 'असू द्या' लिहायचं. आणि एकच चूक पुस्तकभर दिसत असेल, तर पहिल्या जागी ती दुरुस्त करून 'सर्वत्र' लिहायचं. मग ऑपरेटर कॉम्प्युटरला एकदाच सांगतो आणि सगळीकडचा शब्द बदलतो. हा 'सर्वत्र' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात मोठा नियम असा की गोष्ट वाचायची नाही. गोष्टीत शिरलात की चुका दिसेनाशा होतात. मी नवीन होते तेव्हा एका रहस्यकथेत अशी गुंतले, की खुनी सापडला पण त्याच्या नावातला दीर्घ ऊकार सापडला नाही. तेव्हापासून डोळ्यांना शिकवलं, अर्थ बाहेर ठेवून आत यायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार असलेले एक शेटजी होते. त्यांनी स्वतःचं चरित्र छापायला घेतलं. पहिलं प्रूफ पाहून म्हणाले, "बाई, ते वरचे टिंब जरा और लावा नं. पान कसं खाली-खाली दिसून राह्यलं." मी त्यांना अनुस्वाराचे नियम समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साडीवर बुट्टी जास्त असली तं गिऱ्हाईक नाही म्हणते का?" शेवटी प्रेसमध्ये स्वतः जाऊन त्यांनी हवे तिथे अनुस्वार लावून घेतले. त्या पुस्तकात 'आई'वरसुद्धा अनुस्वार आहे. त्याची दुसरी आवृत्ती निघाली. माझा पहिला जळफळाट बहुधा तोच.

एका संस्थेच्या अहवालात 'अध्यक्षांचे भीषण झाले' असं टाइप झालं होतं. मी 'भाषण' केलं. कार्यक्रमाला हजर असलेल्या एका सभासदानं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की पहिलंच बरोबर होतं.

असो. आता माझ्या दुखऱ्या जागेवर येते.

मला लहानपणापासून वेड विज्ञान कादंबऱ्यांचं. आधी वाचनालयातली मराठी भाषांतरं, मग शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी. त्यातही बायकांनी लिहिलेल्या मला जास्त धरून ठेवत. पुरुषांच्या यानात यंत्रं फार. लिहिणारी बाई मात्र एक अख्खं जग उभं करायची आणि मग त्या जगात मूल कोण सांभाळतं, म्हातारी मेली की तिला कुठे ठेवतात, एका जातीच्या परग्रहवासीयानं दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं तर काय होतं, हे विचारायची. वाचताना माझी छाती भरून यायची आणि पुस्तक मिटलं की पोटात दुखायचं. हे मला का सुचलं नाही?

त्याचं उत्तर मी स्वतःसाठी तयार ठेवलं होतं. त्या बायका दूरच्या. त्यांच्याकडे समुद्र, बर्फ, रॉकेट उडवायची मैदानं. माझ्याकडे नंदनवनचा चौक आणि समोरचं किराणा दुकान. दूरच्या बाईचा मत्सर अंगाला सोसतो, तिच्यासाठी रात्रीची झोप जात नाही.

मी स्वतः एक कादंबरी लिहायला घेतली होती. मंगळावरची वसाहत. तिथले सगळे लोक व्याकरणशुद्ध मराठी बोलतात. दर वेळी नवं प्रकरण लिहायला बसायचे आणि आधी जुनं वाचून दुरुस्त करायचे. दुरुस्ती करता करता संध्याकाळ व्हायची. पहिलं प्रकरण इतकं घासलं गेलं की त्यात बोट घालायला जागा उरली नाही, आणि दुसरं प्रकरण आलंच नाही. आमचे प्रकाशक देवीदासजी, ज्यांचं काम मी निवृत्तीनंतरही घरून करते, ते कुणाशीही ओळख करून देताना म्हणायचे, "आमच्या ताई बी लिहितात, बरं का. त्यायची येनार आहे." हे 'येणार आहे' ते इतकी वर्षं सांगत आले आहेत की मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटतं.

तर एक दिवस देवीदासजींनी एका पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं पाठवली. विज्ञान कादंबरी. लेखिकेचं पहिलंच पुस्तक. करुणा नाव. खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्याच कॉलनीत वाढली, आणि पुस्तक तिनं शिफ्टच्या बसमध्ये येता-जाता मोबाइलवर टाइप केलं होतं. ते दिसतच होतं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, विरामचिन्हं वाऱ्यावर. पहिलं पान लाल झालं तेव्हा मला फार बरं वाटलं.

गोष्ट अशी. खापरखेड्यासारख्या एका वस्तीतली काही कुटुंबं पिढ्यांपूर्वी यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे गेलेली आहेत. वाटेत त्यांच्याशी संपर्क तुटलेला आहे. आणि पहिल्याच पानावर, कैक पिढ्यांनंतर, त्यांचा एकच संदेश पृथ्वीवर पोहोचतो. 'आम्ही येऊन राहिलो.'

मी काय केलं असेल ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. हात आपोआप चालला. 'येऊन राहिलो' म्हणजे आमच्याकडचं बोलणं. मी जेवून राहिलो, तो जाऊन राहिला. प्रमाण मराठीत 'जेवतो आहे', 'जातो आहे'. मी खोडून लिहिलं, 'आम्ही येत आहोत', बाजूला लिहिलं 'सर्वत्र', आणि पुढे गेले. डोळ्यांनी अक्षरं पाहिली. अर्थ नेहमीप्रमाणे बाहेर उभा होता.

ती प्रकरणं परत गेली. मध्ये एका पतसंस्थेचा अहवाल आणि दोन कवितासंग्रह झाले. मग करुणाची उरलेली कादंबरी आली, आणि माझा नियम मोडला. मी गोष्ट वाचू लागले.

काय लिहिलं होतं त्या बाईनं! तिचा ग्रह राखेचा होता. करडी जमीन, तिच्यावर चाललं की पायाखालून धूर उठल्यासारखं उठतं, क्षितिजावर उंच चिमण्या. खापरखेड्याला वीज केंद्राची राख साठवतात तो परिसर मी बसमधून कितीदा पाहिला होता. इतकी वर्षं तो परग्रह माझ्या खिडकीबाहेर होता आणि मी खिडकीची काच वर करून घेत होते, डोळ्यांत जाईल म्हणून. समुद्र, बर्फ, रॉकेट हे माझं सगळं सामान तिनं एका प्रकरणात उचलून बाहेर फेकलं. यानातल्या बाया पाण्याचा थेंब कसा मोजतात, जन्मलेल्या पोरीला न पाहिलेल्या पृथ्वीचं नाव का ठेवतात, हे वाचताना मी मान खाली घालून रडले आणि लगेच स्वतःवर चिडले. दूरची बाई असती तर चाललं असतं. ही बसनं येत होती.

आणि मग मला भोक सापडलं.

कादंबरीत पृथ्वीवरच्या केंद्राची प्रमुख एक शास्त्रज्ञ बाई आहे, नागपूरचीच. तिच्यापुढे संदेश आहे, 'आम्ही येत आहोत.' आणि हा संदेश वाचून ती आणि तिचे सहकारी ठरवतात, की ती माणसं तिकडे पोहोचली, तिकडेच स्थायिक झाली, आता त्यांची वाट पाहायचं कारण नाही. यान उतरवायचा तळ बंद करायला घेतात. दिवे काढतात. आता सांगा, समोरचा म्हणतो येत आहोत, आणि तुम्ही दिवे काढता? पुढे तर कहर. त्या शास्त्रज्ञ बाईची आई फोनवर एवढंच म्हणते, "मी येऊन राहिली वं," आणि ही मटकन खुर्चीत बसते आणि किंचाळते की तळ पुन्हा सुरू करा. का? आई घरी येते म्हणून? मी समासात भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. खरं सांगते, इतकं सुंदर प्रश्नचिन्ह मी जन्मात काढलं नव्हतं.

देवीदासजींना फोन केला. आवाज जमेल तितका दुःखी ठेवला. "पुस्तक चांगलंय हो, पण मुळातच चूक आहे. सगळी गोष्ट कोसळते. आमच्याकडे नवीन लोकांना घाई फार."

"अरे बापरे," देवीदासजी म्हणाले. "बलावतो तिले. ताई, दसऱ्याले दीक्षाभूमीच्या स्टॉलवर आपल्याले किताब पाह्यजे म्हनजे पाह्यजे. टाइम नाही आपल्यापाशी."

करुणा ड्यूटीवरून थेट देवीदासजींच्या ऑफिसात आली. हातात डबा, पायात बंद बूट, बुटांवर राखेचा पातळ थर. मी तिला प्रश्नचिन्ह दाखवलं आणि फार गोड आवाजात चूक समजावून सांगितली. तिनं पान हातात घेतलं, मागचं पान पाहिलं, मग पहिलं पान काढलं. आणि हसायलाच लागली.

"ताई, तुमी तं माहं पुस्तक पयल्याच पानावर आटपून टाकलं नं!"

मला कळेना. तिनं माझ्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "इथं काय होतं? 'येऊन राहिलो'. पुन्याचा मानूस हे कसं वाचते? आम्ही आलो अन् इथंच राहिलो. म्हनजे गेले ते तिकडंच बसले. म्हनून ते लोक दिवे काढून राहिले. अन् आपल्याकडचा मानूस कसं वाचते?"

"येत आहोत," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्या कानामागून गरम झालं.

"तेच नं. ते बिचारे येऊन राहिले अन् हे इथं दिवे काढून राहिले. मोठी मॅडम आपल्या नागपूरचीच, पन शिकून-सवरून आपली बोली इसरली. मंग माय फोनवर बोलते तवा तिच्या डोक्यात उजेड पडते."

म्हणजे भोक मी पाडलं होतं. माझ्याच 'सर्वत्र'नं. आणि यातली नामुष्की पाहा. पुण्यातल्या प्रूफवाल्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं 'येऊन राहिलो' वाचलं असतं, 'आलो आणि राहिलो' असा अर्थ घेतला असता आणि पुढे गेला असता. ही चूक करायला ती बोली आतून यावी लागते, आणि दिसली की खोडायची सवयही लागते. नागपूरच्या प्रूफवाल्याशिवाय ती कुणाला जमली नसती.

पण मी इतक्यात हार मानणारी नव्हते. म्हटलं, "मग इथल्या वाचकाला तर पहिल्या पानावरच सगळं कळणार. त्याच्यासाठी रहस्य राहिलंच कुठे?"

"त्यायले कळलंच पाह्यजे, ताई." ती आता हसत नव्हती. "बाहेरचा वाचक शेवटी चमकून उठन. पन आपला वाचक पयल्या पानापासून जीव मुठीत घेऊन बसन. अरे, ते येऊन राहिले रे, दिवे काहून काढता, असं पानोपानी वरडन. पुस्तकातलं कोनी त्याचं ऐकनार नाही. आपलं ऐकत नाही कोनी, तसं."

एकाच वाक्यात दोन कादंबऱ्या. बाहेरच्याला धक्का, घरच्याला घोर. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही थोर बाईनं हे केलेलं मला आठवलं नाही, आणि आठवत असतं तर बरं झालं असतं. निदान ही पहिली नाही म्हणता आलं असतं.

देवीदासजी घड्याळ पाहत होते. "पन करुणाबाई, फायनल फाइल उद्या छपाईले चालली. आता ते सगळं परत फिरवाचं म्हनजे दसरा गेला. 'येत आहोत'नं बी लोकायले समजतेच नं? ते खुर्चीवालं जरा बदलून टाका." मग माझ्याकडे वळले. "ताई म्हनतीन तसं करू. ताईंचा शब्द म्हनजे फायनल."

करुणानंही माझ्याकडे पाहिलं. डबा मांडीवर धरून बसली होती आणि तिचा अंगठा डब्याच्या कडीवर सारखा घासत होता. तिची इतक्या वर्षांची मेहनत त्या दोन शब्दांवर उभी होती, आणि मी 'चालेल' म्हटलं असतं की पुस्तक वेळेवर निघालं असतं, कथेत भोक ठेवून. लोक म्हणाले असते, भाषा चांगली आहे पण बाईला कथानक जमलं नाही. मला कुणी नाव ठेवलं नसतं. उलट शुद्धलेखन निर्दोष म्हणून एखाद्या परीक्षणात माझा उल्लेखही आला असता.

मी 'चालेल' म्हणायला तोंड उघडलं होतं की दुसरं काही, ते मला आज सांगता येत नाही. कारण तेवढ्यात करुणानं विचारलं, "ताई, तुमच्या घरी कसं बोलत होते?"

"शुद्ध," मी म्हटलं.

धडधडीत खोटं. माझी आई सावनेरकडची. मले-तुले बोलायची. बाजारातून परतली की फाटकातूनच हाक, "काय करून राहिली वं? दार उघड, मी येऊन राहिली." शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी 'मले' म्हणाले तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून मी स्वतःलाच वाचायला लागले, चूक दिसली की खोडायची. आईलाही टोकायचे. पुढे पुढे ती माझ्या मैत्रिणींसमोर कमी बोलायची. आणि ही माझी आई, फाटकातली, पिशवी हातात घेतलेली, करुणाच्या कादंबरीत अख्ख्या यानाचा जीव वाचवत होती. माझ्या मंगळावर तिला जागा नव्हती. मला इतका मत्सर त्याआधी कधी वाटला नव्हता आणि त्यानंतरही नाही. ग्रह नेलास, चिमण्या नेल्यास, ते ठीक. माझी आईसुद्धा नेलीस?

"छपाई थांबवा," मी देवीदासजींना म्हटलं. आवाज चढला होता. "मी बसते वाचायला."

कॉम्प्युटरला उलटं सांगून भागणार नव्हतं. पुस्तकातली पुण्या-मुंबईची माणसं आपापल्या जागी 'येत आहोत' असं रीतसर म्हणतच होती, तीही बदलली असती. प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून ठरवायची होती. मी तिथेच ऑफिसात खुर्ची ओढून बसले आणि पुस्तक पहिल्यापासून वाचलं. लाल पेनानं माझीच दुरुस्ती खोडत गेले. समासात 'असू द्या', 'असू द्या', 'असू द्या'. करुणा बाजूला बसली आणि तिनं डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. वांग्याची भाजी होती. तीसुद्धा चांगली झाली होती.

देवीदासजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण पुस्तक दसऱ्याला आलं. दीक्षाभूमीच्या परिसरात त्या दिवशी माणसांचा पूर असतो आणि लोक पुस्तकं विकत घेतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मी आमच्या स्टॉलच्या मागे स्टुलावर बसले होते. खेड्यातून आलेल्या दोघी जणी पुस्तकं चाळत होत्या. एकीनं करुणाचं पुस्तक उघडलं, बोट ठेवून पहिलं पान वाचलं आणि दुसरीला कोपरानं ढोसलं.

"अवं, हे पाय. ते येऊन राहिले म्हनते, अन् हे येडे म्हनून राहिले का ते तिकडंच राहिले!"

"मंग? कोनी सांगत काहून नाही त्यायले?" दुसरी म्हणाली, आणि पुस्तक तिच्या हातातून ओढून घेऊन तिथेच उभी राहून वाचायला लागली. मागून लोक ढकलत होते तरी हलेना.

करुणा माझ्याशेजारी उभी होती. तिनं ते पाहिलं. मला वाटलं, आता ही फुशारकीनं माझ्याकडे बघणार, आणि मी तयारीत होते. पण तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग करायची तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

थोड्या वेळानं गर्दी पांगली. तिनं मला पुस्तकाची एक प्रत दिली, सही करून. सहीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. मी ती तशीच राहू दिली. मग तिनं सहज विचारलं, "ताई, देवीदासजी सांगत होते तुमची बी कादंबरी आहे म्हनून. कुठवर आली?"

मी पुढ्यातली पुस्तकं उगीच सरळ केली. इतकी वर्षं या प्रश्नाला मी 'काम चालू आहे' असं शुद्ध उत्तर दिलं होतं. त्या दिवशी तोंडातून दुसरंच निघालं, आईच्या आवाजात.

"येऊन राहिली."

ती हसली. यातला कोणता अर्थ घ्यायचा, ते तिनं विचारलं नाही.